घैसासांची चतुर्दशी

"गुरुजी, गूज शिवलं तर चालतं का?"

सुशांत वऱ्हाडपांडे वडिलांच्या श्राद्धाला बसला होता आणि धोतर सावरत मागे वळून बघत होता. घरामागच्या लाकडी डेकच्या पायऱ्यांखाली हिरवळीवर कागदी प्लेटमध्ये पिंड ठेवले होते आणि मागच्या तळ्यातली जाडजूड कॅनडा गूज माना वेळावत तिकडे निघाली होती. नेपरव्हिलमध्ये घरांच्या रांगेमागे असं एखादं तळं असतंच, आणि त्यात ही पाखरं मुक्कामाला असतात. कावळा मात्र ऐन वेळी कुठे दडी मारून बसतो देव जाणे.

"चालतं," रवींद्र घैसास म्हणाले. "पितर ॲडजस्ट करतात. इथवर आलेत म्हणजे करावंच लागतं."

घैसास विनोदसुद्धा असा जपून करत. त्यांचं सगळंच जपून असे. वय सत्तेचाळीस, राहणार शेजारच्या अरोरात, मूळ गाव वाई, नोकरी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची. वडील भिक्षुकी करत. मुलाला ती करावी लागू नये म्हणून त्यांनीच त्याला इंजिनिअरिंगला घातलं. मुलगा इंजिनिअर झाला, अमेरिकेला आला आणि मंडळाच्या गणपतीला गुरुजी मिळेनात तेव्हा "मला येतं थोडंफार" असं एकदा बोलून बसला. ते वाक्य घैसासांना भोवलं. तेव्हापासून शनिवार-रविवारी सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी. पितृपक्षात तर वार बघून चालत नाही, म्हणून या पंधरवड्यात त्यांच्या पिशवीत पळी-पंचपात्राशेजारी लॅपटॉपही असायचा. आजही हे दशमीचं श्राद्ध आटोपून त्यांना एका मीटिंगला कान लावायचा होता.

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून त्यांना एक तप होऊन गेलं होतं. इतकी वर्षं रांगेत काढली की माणूस धक्का लागणार नाही असा उभा राहायला शिकतो. घैसास गाडी नेहमी लिमिटच्या थोडी खालीच चालवत. मंडळाच्या पिकनिकला निवडणुकीतला कुणी उमेदवार हात मिळवायला आला की हे पाणी प्यायला निघून जात. कुठल्या निवेदनावर सही नाही, फेसबुकवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे एक शब्द नाही. ऑफिसातही तीच ख्याती. प्रोग्रॅममधली चूक ते नेमकी पकडत, पण ती कुणी केली ते कधी लिहीत नसत. चूक आढळली, एवढंच. "आपल्याला काय करायचंय कुणी केली ते," असं ते प्रीताला, म्हणजे बायकोला, समजावून सांगत. या धोरणामुळे त्यांचं कधी कुणाशी वाकडं आलं नव्हतं.

डेकच्या कोपऱ्यात एक म्हातारी बाई उकिडवी बसून पिंडांकडे बघत होती. ती सुशांतची सासू, बुनमी. लाओसची. सुशांतची बायको मालायवान ही तिची एकुलती एक मुलगी, आणि वऱ्हाडपांड्यांच्या घरात पहिल्या दिवसापासून तिची माला झाली ती झालीच. बुनमीनं जवळच्याच एल्जिन गावातल्या एका कारखान्यात उभा जन्म सोल्डरिंग केलं आणि नजर अधू झाल्यावर ती लेकीकडे राहायला आली. घैसास तिला काकू म्हणत. लाओस काय नि लातूर काय, त्या वयाच्या बाईला काकू म्हटलं की प्रश्न मिटला.

बुनमीकाकू सकाळपासून सगळं न्याहाळत होत्या. भात मळणं, तीळ, दक्षिणेकडे तोंड करून बसणं, अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडणं, यातलं काहीच त्यांना परकं वाटत नसावं. आता त्या मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. माला पुढे आली. सासूच्या हाताखाली शिकलेली तिची मराठी कामापुरती बरी होती.

"गुरुजी, आई विचारते. आमच्याकडे पण राइस देतात मेलेल्या लोकांना. पहाटे, जमिनीवर, केळीच्या पानात. तर तुम्ही बाबांसाठी कराल का? माझ्या बाबांसाठी."

"करू की. पण एल्जिनला तुमचं देऊळ आहे ना? तिथले भिक्खू?"

"आईनं तिथं नाही विचारलं कधी," माला म्हणाली. "बाबांची डेथ तशी होती. आमच्या गावात त्याला बॅड डेथ म्हणतात. त्याचं काही करत नाहीत. जंगलाजवळ लगेच पुरलं. मंक पण आले नाहीत."

"अच्छा, अच्छा." घैसासांनी पिशवीतून पंचांग काढलं. "कधी गेले? तारीख?"

"तारीख नाही माहीत. मी पाच वर्षांची होते. पाऊस सुरू व्हायचा होता, बाबा शेत खणत होते. मातीत बॉम्ब होता. छोटा, मोसंबीएवढा. कुदळ लागली."

"अरेरे. अपघात," घैसास म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द अगदी सहज गेला. "मग अवघड काही नाही. तिथी माहीत नसली की सर्वपित्री अमावास्या. सगळ्यांचं एकदम होऊन जातं. देवळात हॉल घेतलाय, आणखी आठ-दहा कुटुंबं असतील, त्यात तुमचंही करून टाकू."

मालानं ते आईला सांगितलं. बुनमीकाकूंनी नकारार्थी मान हलवली. मग मुलीला मधे न घेता त्या घैसासांना म्हणाल्या, "नो ॲक्सिडेंट. समबडी थ्रो."

सुशांत सोवळ्यातूनच मधे पडला. स्वभावानं गरीब माणूस, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून बोलणारा. सासूला तो तिच्या भाषेत मे, म्हणजे आई, म्हणे. "तसं नाही, मे. म्हणजे टेक्निकली बघायला गेलं तर वॉर तेव्हा कधीच संपलं होतं ना."

"कुठलं वॉर?" माला म्हणाली. "कुणी सांगितलं होतं, वॉर आहे म्हणून?"

सुशांत पुन्हा पिंडांकडे वळला. हा विषय त्या घरात याआधीही निघाला असावा. पुढचं माला घैसासांना इंग्रजीत बोलली, ते आपल्या भाषेत असं. लढाई शेजारी, व्हिएतनाममध्ये होती. लाओस कुणाच्याच बाजूचा नाही, त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही, असं मोठमोठ्या देशांनी जिनिव्हात बसून सह्यानिशी ठरवलं होतं. त्यात अमेरिकेचीही सही होती. ते कुणीच पाळलं नाही. व्हिएतनामी फौजा लाओसच्या जंगलांतून ये-जा करत राहिल्या आणि अमेरिकेची विमानं वरून बॉम्ब टाकत राहिली. नऊ वर्षं. अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्याच सरकारनं याचा बराच काळ पत्ता लागू दिला नाही. व्हिएतनामवर ढग असले, लक्ष्य सापडलं नाही, तर विमानं परतीच्या वाटेवर उरलेले बॉम्ब लाओसमध्ये टाकून देत, कारण ते पोटात घेऊन धावपट्टीवर उतरणं धोक्याचं होतं.

बुनमीचं लहानपण डोंगरातल्या गुहेत गेलं. दिवसा आत बसायचं आणि अंधार पडला की शेतात उतरायचं. मोठ्या बॉम्बच्या पोटात छोटे शेकडो असत, त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, चिखलात रुतून बसले. विमानं यायची थांबली तेव्हा लोक गुहांतून बाहेर आले. त्यांनी घरं बांधली, लग्नं केली, त्यांना मुलंबाळं झाली. मग कुणी शेत खणताना, कुणी चूल पेटवताना ते मातीतले फुटत राहिले. अजूनही फुटतात.

"मी इथे शाळेत गेले तेव्हा हिस्टरीच्या पुस्तकात लाओस शोधला," माला म्हणाली. "मॅपवर होता, बाकी कुठे नव्हता. टीचरनं विचारलं, तुम्ही लोक कुणाच्या साइडनं होतात? मी घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, आपण भात लावत होतो."

घैसासांच्या पिशवीतला फोन थरथरायला लागला. मीटिंग सुरू झाली होती. "मी बघतो काय करता येतं ते," असं म्हणून त्यांनी पंचांग मिटलं आणि दक्षिणेकडचं पाणी सोडून उरलेलं श्राद्ध जरा लगबगीनंच उरकलं.

खरं सांगायचं तर त्यांना बघण्यासारखं काही नव्हतं. पितृपक्षातल्या चतुर्दशीपुढे प्रत्येक पंचांगात छापलेलं असतं, शस्त्रादिहत पितृश्राद्ध. शस्त्रानं मारल्या गेलेल्यांची ती राखीव तिथी. त्या दिवशी श्राद्ध त्या एकट्याचंच होतं, पिंडही एकच. वाईला असताना त्यांचे वडील सैन्यात कामी आलेल्या एका जवानाच्या घरी दरवर्षी त्या दिवशी जात. अमावास्या सुचवताना घैसासांना हे आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं आणि त्यांनी ते गिळलं होतं. चतुर्दशी म्हटली की शस्त्र आलं, आणि शस्त्र म्हटलं की ते कुणाचं, हे आलं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी प्रीताला सगळं सांगितलं. तिनं भाजी वाढता वाढता शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कर ना चतुर्दशीला. त्यात काय?"

"त्यात काय म्हणजे? माला म्हणते, आईला वाटतं कुणी मारलं तेही मोठ्यानं सांगावं. तिचा मेसेज आलाय. आणि त्यांच्या एल्जिनच्या लोकांना ते फेसबुकवर लाइव्ह दाखवणारेत."

प्रीताचा हात थांबला. डिसेंबरची तिकिटं काढलेली होती. वाईला घैसासांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. चार वर्षांत ते गेले नव्हते, कारण गेलं की परत येण्यासाठी मुंबईच्या वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो मिळेलच याची हल्ली कुणी खात्री देत नाही. जर्सी सिटीच्या परीक्षितचं उदाहरण ताजं होतं. तो बहिणीच्या लग्नाला गेला आणि चार महिने तिकडेच अडकला. नोकरी गेली, इथलं अपार्टमेंट मित्रांनी रिकामं केलं.

"आता म्हणे सोशल मीडियासुद्धा बघतात," प्रीता म्हणाली. "रवी, तू काही बोलू नकोस रे. मंत्र म्हण आणि ये. केयाचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय, लेकीचा तरी विचार कर."

"मी कुठे बोलतो कधी?"

"तेच म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्यांनी गाडीतून वाईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. नानाकाका म्हणजे त्यांच्या वडिलांचे धाकटे भाऊ, अजूनही पाटावर बसणारे. कान जरा जड झालेले, त्यामुळे ते समोरच्यालाही बहिरा समजून बोलत.

"रव्या, बोल. कुणाचं अडलंय?"

घैसासांनी थोडक्यात सांगितलं. काका मधे मधे हुंकार देत होते.

"थांब, थांब. म्हणजे लढाई त्या लोकांची नव्हतीच?"

"नाही."

"आणि टाकणाऱ्यानं याच्यावर नेम धरून टाकला, असंही नाही?"

"नाही काका. तेव्हा हा पोरगा असेल. काही तर उरले होते म्हणूनच टाकले."

"उरले होते म्हणून," काकांनी नुसतं परत म्हटलं. "वीज पडून गेला, साप चावून गेला, बुडून गेला, त्याचं निराळं आहे. हे माणसानं केलेलं. जुनं झालं म्हणून काय ते शस्त्र राहत नाही? चतुर्दशीच."

"आणि काका, संकल्पात कुणाच्या शस्त्रानं हे म्हणावं लागतं का?"

"लागत नाही. इकडे कोण म्हणतो? सगळ्यांना ठाऊकच असतं. पण ती बाई म्हण म्हणते ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतोस? पाटावर तू बसणारेस. आणि डिसेंबरचं नक्की आहे ना तुमचं? वहिनीनं आत्तापासून बायकांना साड्या सांगून ठेवल्यात."

नक्की आहे, असं घैसास म्हणाले.

चतुर्दशी शुक्रवारी आली. ऑफिसच्या कॅलेंडरवर त्यांनी त्या वेळेत 'डेंटिस्ट' असं टाकलं आणि नऊच्या सुमारास वऱ्हाडपांड्यांकडे पोचले. ऊन कोवळं होतं, मेपलला नुकता रंग चढायला लागला होता. डेक धुऊन ठेवला होता. सुशांतनं सुट्टी घेतली होती आणि तो पाट मांडणं, दर्भ मोजणं असली कामं नको इतकं मन लावून करत होता. त्याची मुलगी सावनी शाळेत गेली होती. माला एका स्टँडवर फोन बसवत होती.

"माला, हे रेकॉर्डिंग नसतं तर बरं झालं असतं," घैसास म्हणाले.

"गुरुजी, मावश्या येऊ शकत नाहीत. एक व्हीलचेअरवर आहे. सगळे आज एल्जिनला हॉलमध्ये जमलेत. आणि गावाकडचे पण बघणार, तिकडे रात्र आहे पण जागे राहिलेत." मग तिनं आवाज खाली घेतला. "तुमचं टेन्शन मला समजतं. सुशांतचं पण तेच होतं, सिटिझन होईपर्यंत. तुमचा चेहरा नाही घेत. फक्त आई दिसेल."

हे ऐकून घैसासांना बरं वाटलं आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली. त्यांनी मान डोलावली. गेले तीन दिवस ते एक युक्ती मनाशी धरून होते, आणि आता तर ती आणखी सुरक्षित झाली होती. संकल्प संस्कृतात असतो. त्यात सगळं सांगून टाकायचं. बाईची इच्छा पुरी होईल, मेलेल्याला न्याय मिळेल, आणि एल्जिनपासून लाओसपर्यंत एकालाही अक्षर कळणार नाही. परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते वाक्य रचलं होतं आणि विभक्त्या पुन्हा पुन्हा तपासून घेतल्या होत्या.

बुनमीकाकू आल्या. त्यांनी त्यांच्याकडचं रेशमी नेसूचं नेसून खांद्यावरून तिरका शेला घेतला होता. कर्ता म्हणून जावई बसेल असं घैसासांनी धरलं होतं, पण त्या सरळ येऊन पाटावर बसल्या. बायकोनं बसायला हरकत काहीच नव्हती. त्यांच्या हातात वेताची टोपली होती आणि तीत त्यांनी स्वतः वाफवलेला चिकट भात. अमेरिकेत आल्यापासून घैसास बासमतीचे पिंड वळून वळून कंटाळले होते, ते हमखास फुटतात. काकूंनी भात हातात घेतला, तीळ मिसळले आणि एकदाच वळला. असा घट्ट, गुळगुळीत पिंड त्यांनी वाई सोडल्यावर पाहिला नव्हता.

"एकच?" सुशांतनं विचारलं.

"एकच. आजचं एकट्यांचंच असतं."

मालानं आईला सांगितलं तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्या चार शब्द बोलल्या. "आई म्हणते बरंय, बाबांना गर्दी आवडायची नाही," माला म्हणाली.

घैसासांनी काकूंना उजव्या तळहाताचा द्रोण करायला सांगितला, पळीनं त्यात पाणी घातलं, वर तीळ टाकले आणि संकल्प सुरू केला. नेहमीप्रमाणे देश सांगितला, काळ सांगितला. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात, तसं काश्यप म्हटलं. मग त्यांचा आवाज नकळत बारीक झाला. "अमेरिकादेशीयैः विमानैः पातितेन शस्त्रेण हतस्य, मम भर्तुः खामसिंगनाम्नः…" वाक्य पार पडलं. आभाळ कोसळलं नाही. तळ्यावर एक गूज ओरडलं तेवढंच.

"सोडा पाणी," ते म्हणाले आणि ताम्हनाकडे बोट दाखवलं.

बुनमीकाकूंनी पाणी सोडलं नाही. त्या घैसासांकडे बघत होत्या.

"व्हॉट यू से?"

"प्रेयर, काकू. फॉर हिम."

"यू से अमेरिका."

कान तिखट होता बाईचा. यावर उत्तर तयार असल्यासारखं घैसासांच्या तोंडात आलं, आणि ते खोटंही नव्हतं. संकल्पात आपण जिथे बसलोय त्या जागेचं नाव घ्यावंच लागतं, सुशांतच्या वडिलांच्या वेळीही घेतलं होतं. "प्लेस," ते म्हणाले. "वुई हॅव टू से द प्लेस. सो, अमेरिका."

काकूंनी ते नीट ऐकलं. त्यांच्या बोटांच्या फटीतून थेंब थेंब पाणी मनगटावर उतरत होतं. त्या रागावल्या नाहीत. हिशेबात चुकलेल्या पोराला सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं.

"नो. ही नॉट डाय अमेरिका. ही डाय होम." हात तसाच धरून त्या पुढे म्हणाल्या, "अमेरिका कम देअर."

माला फोनशेजारी उभी होती. तिनं काही भाषांतर केलं नाही, करायची गरजही नव्हती. सुशांत दर्भाकडे बघत राहिला. हॉलमध्ये जमलेल्या माणसांचं कुजबुजणं फोनमधून ऐकू येत होतं, काय अडलंय असं विचारत असावेत. घैसासांना आईची आठवण झाली. साड्या वाटायला बसलेली, सुनेला कुठली द्यायची आणि नातीला कुठली यात गुंतलेली. मग त्यांना वाटलं, या बाईला चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं त्या सगळ्यांनी असंच दिलं असणार, खोटं नसलेलं.

"आय विल टेल," ते म्हणाले. "काकू, आय विल टेल व्हॉट आय सेड."

आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं. तुमच्या नवऱ्याचं नाव घेतलं, खामसिंग. हे शस्त्रानं मारले गेले असं सांगितलं. ते शस्त्र अमेरिकेच्या विमानांनी यांच्या देशात टाकलं होतं, तेव्हा यांच्या देशाचं कुणाशी युद्ध नव्हतं. त्यातलं शेवटचं संस्कृतात नव्हतं, ते आत्ता बोलता बोलता आलं.

मालानं ते लाओत सांगितलं. सांगताना तिचा आवाज मधेच तुटला आणि ती रडली, उभ्या उभ्या, तोंडावर हात न घेता. मग फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला.

"माझी मावशी," माला डोळे पुसत म्हणाली. "गुरुजी, ती विचारते, हे कोण बोललं. दिसत नाहीये म्हणते. तिला नाव पाहिजे. दरवर्षी देवळात बाबांसाठी राइस देताना सांगेल म्हणते, की या माणसानं म्हटलं होतं." आणि घाईघाईनं पुढे म्हणाली, "नाही सांगितलं तरी चालेल. मी सांगते, फक्त गुरुजी म्हणून."

घैसास पाटावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, जरा वेळ लावूनच उठले. ते फोनसमोर जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांना पडद्यावर आधी स्वतःचाच चेहरा दिसला, कपाळावर गंध, अंगावर उपरणं, आणि खाली छोट्या चौकटीत ओळीनं बसलेली म्हातारी माणसं.

"रवींद्र शंकर घैसास," ते म्हणाले.

तिकडे कुणाला कळलं नाही. मावशीनं कानामागे हात धरला. तेव्हा त्यांनी ते सुटं सुटं करून सांगितलं, बँकेत किंवा विमानतळावर सांगतात तसं. जी ॲज इन जॉर्ज. एच ॲज इन हेन्री. प्रत्येक अक्षर मावशी मोठ्यानं परत म्हणायची आणि मागचे दोघं-तिघं तिच्याबरोबर म्हणायचे. आडनाव संपेपर्यंत ते थांबले. मग नाव बरोबर आलं का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि बरोबर आलंय असं माला म्हणाली.

ते परत येऊन बसले. बुनमीकाकूंचा हात अजून तसाच पुढे होता. तळहातात पाणी उरलं नव्हतं, नुसते तीळ चिकटले होते. घैसासांनी पळीनं त्यात पुन्हा पाणी घातलं आणि काकूंनी ते अंगठ्याच्या बाजूनं ताम्हनात सोडलं.